दाराची बेल

प्रिय हट्टूबाई,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन केला असता, पण फोनवर मला फक्त ओरडता येतं. तू माझं घड्याळांचं दुकान सोडून मोबाईल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान थाटलंस, तेव्हा त्याचा नमुना ऐकलासच. त्याला आठ महिने झाले. ना तू फोन केलास, ना मी. दोघंही एकाच खाणीतले दगड!

आता गंमत ऐक. आपल्या दाराची बेल कधीचीच बंद पडली होती आणि मला पत्ताच नाही. पेपरवाला पेपर टाकून निघून जातो, शेजारच्या शिंपीणकाकू जिन्यातूनच हाका मारतात. काल डबी उघडली, तर आत सेल पाझरलेले, सगळीकडे पांढरी-हिरवी बुरशी आणि स्प्रिंग हात लावताच तुटली. तीस वर्षं गिऱ्हाइकांना बजावतोय, जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. आणि स्वतः? त्यांच्या घड्याळांतून काढलेले अर्धमेले सेल ‘अजून जीव आहे’ म्हणत घरभर कोंबतोय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तू यावरून किती डोकं खायचीस आणि मी तुला उधळी म्हणायचो. घे, जिंकलीस.

जुन्या टूथब्रशला व्हिनेगर लावून डबी घासली, नवी स्प्रिंग बसवली आणि दोन कोरे सेल चक्क विकत आणले. मग रिमोट, टॉर्च, वजनकाटा, सगळ्यांची पोटं उघडली. टॉर्च गेला, बाकीचे वाचले.

बेल उघडायची बुद्धी मात्र माझी नाही. काल काकू माझ्याशी भांडायलाच आल्या. म्हणाल्या, दोन महिन्यांपूर्वी तुमची लेक दारात उभी होती, चार वेळा बेल दाबली, आत तुमचा रेडिओ चालू होता आणि पोर डोळे पुसत जिना उतरली. मी मुद्दामच दार उघडलं नाही, असं त्यांना वाटलं. तुलाही तेच वाटलं असणार. बाळा, बेल वाजलीच नाही गं. वाजली असती तर अनवाणी धावलो असतो. रात्रभर मला तू जिन्यातच दिसत होतीस. रविवारी सकाळी मी तुझ्याकडे येतोय. दुकान काढलंस ते छान केलंस, हे तोंडावर सांगायचंय. तू दार उघडलं नाहीस तर तुझ्यासारखा परत फिरणार नाही. बेल बिघडली असेल असं समजेन आणि उघडेपर्यंत दार बडवीन.

तुझाच, तुझ्याहून काकणभर जास्त हट्टी,
बाबा