कुंकवानं नेट जात नाही

अण्णा,

नेट अप्पांमुळं गेलं नव्हतं. आयुधपूजेआधी तू सगळ्या कॉम्प्युटरांना नेट पुरवणारं लिनक्सचं मशीन फडक्यानं पुसलंस आणि मागच्या दोन केबल उलट्या लावल्यास. बाहेरची लाइन आतल्या कार्डात, पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरांची बाहेरच्या कार्डात. दिवे दोन्ही कार्डांचे लागतात, म्हणून कुणाला संशय आला नाही. मी अदलाबदल करून पिंग केलं, लगेच उत्तर आलं. मग केबल मुद्दाम होत्या तशाच लावून ठेवल्या. तुझ्या हातानं बदल, म्हणजे पटेल.

ब्राउझिंग सेंटर बंद ठेवलंय, किल्ली देवघरात आहे. अप्पा काल न जेवता ओरत्तनाडूला आत्याकडे गेले, त्यांना आणायला मी निघालेय. तू येऊ नकोस. तिथंही तुझा आवाज चढेल.

नेट आलं की एवढं कर. मशीनवर कुंकू लाव, अप्पांनी पूजेला लावलं होतं तिथंच. तू ते गिऱ्हाइकांसमोर त्यांना त्यांच्याच अंगवस्त्रानं पुसायला लावलंस. घरात पाऊल टाकलं की ते आधी तिकडंच बघतील.

तुझी बहीण अखिला