रुमालाखालचा सौदा

१० नोव्हेंबर
राहुरीजवळ मागून एका कारने आमच्या गाडीला ठोकलं. चूक पूर्ण कारवाल्याची, पोलिसांनीही तसंच लिहिलं. माझी मान जरा अवघडली आहे. डॉक्टर म्हणाले, एमआरआय करा. त्यांनाही मशीनचे हप्ते फेडायचे असतील. शेकून घेऊ.

१७ नोव्हेंबर
त्या कारच्या विमा कंपनीचा माणूस आला. नाव ओंकार, बोलणं गोड. कोर्टकचेरी नको, तडजोड करू म्हणाला. आकडा सांगितला, मी चहा पुढे केला. घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करण्यात जन्म गेला. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतो, तोंडातून शब्द काढत नाही. पहिला भाव घेईल तो दलाल कसला?
तब्येत विचारली. ठणठणीत, म्हणालो. जनावराची खोड दाखवली की गिऱ्हाईक भाव पाडतं. बायको म्हणते, विमावाल्याला दुखणं दाखवायचं असतं, लपवायचं नसतं. पुष्पावतीला धंद्यातलं काय कळतं!

२४ नोव्हेंबर
उजवी करंगळी बधिर. हातावर झोपलो असणार. आजपासून डाव्या कुशीवर झोपणे.

२ डिसेंबर
ओंकारचा फोन. भाव वाढवला. ‘बघू’ म्हणालो. तेवढ्यात मोबाईल हातातून पडला. कव्हर फार गुळगुळीत आहे, नवीन घेणे.

५ डिसेंबर
करंगळीशेजारची बोटंही गेली. थंडी लई पडली आहे. शर्टाची बटणं पुष्पावतीने लावली. लेकीने, संस्कृतीने, एमआरआयची अपॉइंटमेंट घेतली होती, ती मी रद्द केली. रिपोर्टात काही निघालं तर भाव पडायचा.

९ डिसेंबर
ओंकार कागद घेऊन हजर. आज तब्येत विचारली नाही. मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, तिकडेच बघत होता. मग एकदम भाव वाढवला, पण सही आजच हवी म्हणाला. इतकं घाईचं गिऱ्हाईक मी बाजारातही पाहिलं नाही. घाबरला बिचारा.
कागदावर लिहिलं होतं, या अपघाताबद्दल यापुढे कसलीही मागणी करणार नाही. पुष्पावती दारातून म्हणाली, “उद्या हात गेला तर?” हात कुठे जातोय? सही केली. वाकडी आली. त्याचं पेन भिकार.

१२ डिसेंबर
घोडेगाव. नूरमहंमदभाईंना गाय घ्यायची होती. आमची जुनी ओळख. रुमालाखाली हात दिला आणि वाट बघत राहिलो. भाई बोटच लावीनात. थट्टा करतात वाटलं. शेवटी त्यांनी रुमाल बाजूला केला. माझी तीन बोटं त्यांच्या मुठीत होती, करकचून आवळलेली.
“कानिफ,” भाई हळूच म्हणाले, “मी कवाचा दाबतोय.”
सौदा दुसऱ्या दलालाने केला. घरी येऊन ओंकारला फोन लावला. म्हणाला, काका, तुमची फाईल बंद झाली.
हे डाव्या हाताने लिहितो आहे. भीती वाटते. पुष्पावतीला अजून सांगितलेलं नाही.