गॅसचं विरजण

न्हान,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे. तुझा गुडघा, तुझी डुकरं आणि तुझी बायको बरी असतील (क्रम तूच लाव). आमची विचारपूस करू नकोस, मीच सांगते. चूल विझलीय.

परसातली ती टाकी, डुकरांच्या घाणीतून गॅस करणारी, तिच्यावरून मी किती मिरवलं ते तुला ठाऊकच आहे. मिरवायच्या नादात सगळ्या वस्तीला सांगून बसले, यंदा तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, लाकडं गोळा करू नका, पितरांसाठीचे केळीच्या पानातले भाताचे उंडे माझ्याच चुलीवर उकडा. लोक काय, फुकटचं लगेच ऐकतात. आता कुणाच्या घरी काटकी नाही आणि माझ्या घरी जाळ नाही. पितर उपाशी राहिले तर शिव्या कुणाला घालतील?

सगळं केलं आमच्या सूनबाईनं, दिएमनं. सणाआधी घर झाडायचं तर झाड बाई, पण हिनं डुकरांचं खोपटं ब्लीचनं धुतलं. ("आई, कित्ती छान वास येतोय!" खोपट्याला कशाला हवा छान वास?) ते सगळं पाणी थेट टाकीत. आणि जाळ गेला नेमका सरत्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात तेविसाव्या दिवशी, चूलदेव माशावर बसून आभाळात चुगल्या करायला जातो त्याच दिवशी. मग काय! शेजारचे थावदादा कुंपणावरून म्हणतात, "काय गं थोआ, देव रुसला ना? घाणीवरच्या चुलीत तो काय टिकणार!" मी म्हटलं, "तुमच्या धुरात इतकी वर्षं खोकत टिकला, तसा." तरी देवाला बसायला तळ्यात आणखी एक मासा सोडला. (बोलू नकोस कुठं.)

मग तालुक्याहून टाकीवाली पोरगी आली. आत कसलीशी पट्टी बुडवली नि म्हणाली, "आजी, आंबलंय." तिचं म्हणणं, आत जंतूंच्या कितीतरी जाती नांदतात. एक घाण फोडतो, त्याचं उष्टं दुसरा खाऊन आंबट करतो, त्याचं उष्टं शेवटचा खातो, तेव्हा कुठं गॅस. हा शेवटचा भारी नाजूक, वारासुद्धा सोसत नाही. ब्लीचनं तो मेला की बाकीचे आपल्याच आंबटात बुडतात. "एकेकटं कुणीच जगत नाही, आजी." मी म्हटलं, "आमच्यात माणसं जगतात की, फुगून बसून." ती हसली. मला कसलं हसू येतंय.

असो. तुला त्रास द्यायचा नाही, फक्त कळवलं.

तुझी थोरली बहीण,
थोआ

ता. क. : पोरगी म्हणते, दह्याला लागतं तसं विरजण लागेल, चालू टाकीच्या तळाचं. अर्धी टाकी उपसून ठेवलीय. तुझी चालू आहे (तुझ्या सुनेला अक्कल आहे). काळं काळं पिंपभर दे, झाकण घट्ट लावून. लवकर आलं तर सणाला निदान एक शेगडी पेटेल, मग पातेली आळीपाळीनं चढवू.

दुसरा ता. क. : नावाड्याच्या हाती पाठवू नकोस, तो झाकण उघडून बघेल. तूच पिंपावर बसून ये. मागच्या तेतला उंड्यात केळं घालायचं की डुकराची चरबी यावरून जेवता जेवता उठून गेलास, ते मी मनात धरलेलं नाही (चरबीच बरोबर होती). आणि आल्या पावली परत पळायचं नाही. विरजण ओतून लगेच हलवलं तर लागत नाही म्हणे. चूल पेटेपर्यंत राहा.