कर तुमचा, दंड माझा

प्रिय आप्पा,

विश्रामबागला, तुमच्या करवाल्या साहेबांच्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसून लिहितोय. आत तुमचं शेवटचं रिटर्न भरणं चाललंय. शेजारी आई बसली आहे, पण ती माझ्याशी बोलत नाही. मग बोलायचं कुणाशी?

उद्या डिसेंबर संपतो. दंडासकट भरायची मुदतही उद्याच संपते. तुम्ही जूनमध्येच भरून मोकळे व्हायचात. इरोडच्या आपल्या सोनं गाळायच्या दुकानातनं घरी आलात की पांढरी टोपी घालून एस.टी.नं इथं यायचं, कागद द्यायचे आणि जाताना भडंगाचा पुडा घ्यायचा. साहेब चेष्टा करायचे, सरकार अजून झोपेतनं उठलं नाही आणि आप्पा हजर. मला लहानपणी रिटर्न म्हणजे भडंगच वाटायचं.

माघात तुम्ही गेलात. तेराव्यानंतर साहेबांचा फोन आला. मेलेल्या माणसाचाही त्या वर्षाचा हिशेब द्यावा लागतो, तो वारसानं जुलैअखेरपर्यंत भरायचा, म्हणाले. मी व्हय म्हणालो. पुढं सरकारनंच मुदत वाढवली. आईला ते मी लय खुशीत कळवलं. तेवढं एकदाच खरं होतं, आप्पा.

ती मुदत संपली तरी आई विचारायची आणि मी म्हणायचो, अजून वाढलीया. का? कारण रिटर्न भरायला बसलो असतो तर साहेबांनी आधी दुकानाचं विचारलं असतं. आणि दुकान मी अक्षय तृतीयेच्या आतच मोडलं होतं. तुम्ही त्या भट्टीपुढं बसून जन्मभर सोनं गाळलंत, मला दोन महिने बसवलं नाही. सराफ जुने दागिने घेऊन यायचे, तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघायचे आणि पुन्हा येतो म्हणून जायचे. थोडा दम धरला असता तर आले असते का हो? मी धरला नाही. भट्टी विकली आणि जालंधरला दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागलो. तिथून आईला सांगत राहिलो, इरोडला बरं चाललंय.

आपल्या गावात हे लपणार होतं? घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या मुलखात सोनं गाळतोय. दिवाळीला आलेल्या पोरांनी आईला सगळं सांगितलं. तोवर ती बायकांत माझी बाजू घेऊन बोलत होती, आमच्या पोराला सरकारनं मुदत दिलीया म्हणून. बायका काय म्हणाल्या असतील?

ती मला ओरडली नाही. पुढच्या फोनला मी परत तेच म्हणालो, तेव्हा एवढंच बोलली, "तुला सरकार मुदत देतंय. मला कवापर्यंतची हाय, तेबी इचारून ठेव."

त्याच दिवशी मी साहेबांना फोन केला. त्यांनी वारस म्हणून माझं नाव लावायचा अर्ज केला आणि मी सुट्टी मागून निघालो.

आज साहेबांनी विचारलंच, दुकान आता कोण बघतं? आई खिडकीबाहेर बघत होती. "मोडलं मी," म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकू गेलं नाही. परत सांगावं लागलं. आईसमोर दोनदा.

कराचे पैसे तुम्ही तुमच्या नि आईच्या, दोघांच्या खात्यावर वेगळे ठेवले होते. आजारपणातसुद्धा हात लावला नव्हता. साहेब म्हणाले, दंडही त्यातच बसेल. तेव्हा आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"न्हाई साहेब. कर मालकांचा, त्यो त्यांच्या पैशातनं घ्या. दंड ह्याचा. मालकांनी कवा दंड भरला न्हाई."

जालंधरचा पगार खिशात होता. काढून दिला. मान वर करायचा धीर झाला नाही.

आप्पा, मी कुठं टिकेन ते मला माहीत नाही. जालंधरलाही टिकेन असं नाही. पण जिथं असेन तिथलं नाव आईला खरं सांगेन. आता रिटर्न पक्कं करायचा नंबर मोबाइलवर आलाय, तो सांगायला साहेब आत बोलावतायत.

आज भडंगाचा पुडा घेणार नाही. तो वेळेत भरणाऱ्यानं घ्यायचा. येत्या जूनला माझा हिशेब घेऊन येईन आणि जाताना आईसाठी पुडा नेईन. तुमच्यासारखा, कुणी विचारायच्या आधी.

तुमचा,
संतोष