हातोदच्या घरच्या बाटल्या

मंगळवार, ३ फेब्रुवारी १९५३

हातोदच्या मंडळींचा होकार आला! मुलगा शरद, तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर. परवा तो आणि त्याचे वडील अप्पासाहेब आमच्या कमलला बघून गेले. मी दाराआडूनच बघितलं. नाकीडोळी नीटस आहे. पोहे खाताना मिशीला शेव चिकटली, कमल खुदकन हसली, तर तोही हसला. आमच्या ह्यांचं मत — "घोड्यावर काही बसता येत नाही त्याला. पण चालेल."

हे इंदूर संस्थानच्या रिसाल्यात होते. संस्थान गेलं, घोडा गेला, मिशा तेवढ्या राहिल्या. घर चालतं माझ्या टोपलीवर. मल्हारगंजात दारोदार फिरून रिकाम्या बाटल्या नि डबे घ्यायचे आणि हकीमभाईंच्या गोदामात नेऊन घालायचे. हे मात्र चारचौघांत सांगतात, "आमच्याकडे काचेचा व्यापार आहे." हातोदकरांनाही तेच सांगितलं.

मी अजून हो म्हटलेलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पत्रिका जुळली म्हणे. जुळू दे! पत्रिकेत घर थोडंच दिसतं? बाटली हुंगली की दिसतं. समोरचे वकीलसाहेब केस काळे करतात हे मला ठाऊक आहे, त्यांच्या बायकोला नाही. मास्तरीणबाई पोरांना एरंडेल पाजतात आणि स्वतः गुलाबाचं सरबत पितात.

ह्यांना म्हटलं, मी हातोदला जाऊन त्यांच्या बाटल्या बघून येते. म्हणाले, "घराणं बघतात भानुमती, उकिरडा नाही." हे आले मोठे घराणं बघणारे. मुलीची आई मी आहे. उद्याची मोटार पकडते.

शनिवार, ७ फेब्रुवारी

देवानंच वाचवलं.

काल टोपली घेऊन त्यांच्या दारात हाळी दिली. मुलाची आई इंदुमतीबाई बाहेर आल्या. बघायला त्या आल्या नव्हत्या, त्यामुळे ओळखायचा प्रश्नच नव्हता. मला मागच्या अंगणात नेलं — आणि बघते तर काय, भिंतीला लागून बाटल्यांचा ढीग! एक उचलून हुंगली. रम. दुसरी हुंगली. रम. तिसरीला तर नाक लावायचीही गरज नव्हती. एवढी दारू आमचा अख्खा रिसाला प्यायला नसेल.

बाईंनी त्यातल्या टवके उडालेल्या तेवढ्या काढून दिल्या. म्हणाल्या, "ले जाओ ना बाई, एकदम मजबूत आहेत. थोडासाच तर टवका आहे." मी म्हटलं, "तोंड फुटलं म्हणजे बेकार. असली कोई नहीं लेता." झालं, जुंपली! त्या मला ठग म्हणाल्या, मी त्यांना कवडीचुंबक म्हटलं. शेवटी घेतल्या, नुसता वाद संपावा म्हणून.

घरी येऊन मध्यस्थ संताजीरावांना सांगितलं, नाही म्हणून कळवा. का म्हणून विचारतील, तर मुलगा पितो म्हणावं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

कमल जेवत नाही. समजावायला गेले तर म्हणाली, "तू बाटली हुंगलीस ना? त्याचं तोंड कुठे हुंगलंस?"

आईशी असं बोलतात का?

बुधवार, ११ फेब्रुवारी

कुठे तोंड लपवू!

हकीमभाईंच्या गोदामात गेले. एक माणूस बैलगाडीत बाटल्या भरत होता. सहज विचारलं, कुठे चालल्या? हकीमभाई म्हणाले, "हातोद, और कहाँ. दवाखाने के शरदबाबू मँगवाते हैं. गरीब लोग दवा लेने बिना बोतल के आ जाते हैं, उनके वास्ते. माँ बेचारी घर पर उबालकर धोती है."

आणि ह्या आल्या कुठून? "तुम्हींने तो लाकर दी थी, बाई. साहबों के बंगले वाली."

म्हणजे बाटल्या मीच विकल्या. त्या धुवायच्या आधी मीच जाऊन हुंगल्या. मुलगा दारूडा ठरवला. आणि फुटक्या होत्या तेवढ्या भांडून, डोक्यावरून परत इंदूरला आणल्या! असली अक्कल दिवा घेऊन शोधूनही सापडायची नाही. फार लाज वाटते. पोरीचं सोन्यासारखं स्थळ मी माझ्या नाकानं घालवलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

संताजीरावांना हातापाया पडून सांगितलं, परत जा. ते हात जोडून म्हणाले, "माफ करा वहिनी. अप्पासाहेब काठी घेऊन मागे लागले होते. आधी मुलगा पितो म्हणायचं, आता नाही पीत म्हणायचं?" आता मीच जायला हवं. पण इंदुमतीबाई मला बघताच ओळखतील. कवडीचुंबक म्हटलंय मी त्यांना. ह्यांना म्हटलं, तुम्ही जा. तर मिशीला पीळ देत म्हणाले, "माफी मागणं आम्हाला रिसाल्यात शिकवलेलं नाही."

आरशासमोर उभी राहून काय बोलायचं ते घोकलं. पहिल्याच वाक्याला रडू आलं. उद्या जाईन. नाहीतर परवा.

रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळपासून कमल घरात नाही. काल भरून ठेवलेली बाटल्यांची टोपलीही जागेवर नाही. हे उलटं घातलेलं पागोटं तसंच ठेवून सगळं मल्हारगंज पालथं घालून आले.

दिवेलागणीला आली. पायांवर धूळ, टोपलीत एक बाटली नाही. मी ओरडायला तोंड उघडलं, तर शांतपणे म्हणाली, "हातोदला बाटल्या द्यायला गेले होते, आई. मी हो सांगून आले."