बूट रुळवायला दिले त्याची हकिकत

तीर्थरूप मामांच्या चरणी, आणि त्या चरणांतल्या बुटांनाही, भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? इकडे सगळे ठीक. (ठीक म्हणजे माझ्या उजव्या पायाच्या करंगळीचं नख सोडून. ते गेलं. पण त्याची हकिकत क्रमाने येईल, कारण मधूनच सुरू केलेली गोष्ट तुम्हाला खपत नाही हे मला ठाऊक आहे.)

मूळ गोष्ट आबांची. चौतीस वर्षं पायी टपाल वाटलेला माणूस, निवृत्त झाल्यावर घरात बसणार थोडाच? रोज संध्याकाळी बूट चढवून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचं, घरचं पत्र असेल तर टाकायचं (दुसऱ्या कोणी टाकलेलं त्यांना आजही चालत नाही), नसेल तर पेटी जागेवर आहे ना एवढं बघायचं, आणि मग समोरच्या घड्याळजीकडे तासभर जगाची उठाठेव करायची. आई गेली आणि महिनाभरात हे सगळं बंद पडलं. आम्हाला वाटलं, दुःखामुळे. दुःख होतंच. पण एक दिवस मी दारातून पाहिलं, तर आबा खुर्चीत बसून बुटांच्या लेसकडे बघत होते आणि हात काही केल्या गुडघ्याखाली जात नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं तुमची बहीण खाली बसून त्यांच्या लेस बांधत होती आणि दोघांनी त्याचा कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. सूनबाईने एकदा हळूच विचारून पाहिलं, तर मला कुठं जायचंय, असं म्हणून त्यांनी बूट माळ्यावर टाकायला लावले. चपला घाला म्हणावं तर चपला ही घरात घालायची वस्तू. टपालखात्याचा माणूस रस्त्यावर उतरतो तो बुटात. तेव्हापासून ते खिडकीशी बसून असत आणि पत्रं टेबलाच्या खणात साठत. (मध्ये चार महिने तुम्हाला पत्र नव्हतं, ते याच कारणाने.)

यावर उपाय तुम्हीच एकदा सांगितला होतात: बिनलेसचे, बाजूला इलॅस्टिक असलेले, ओढून चढवायचे बूट. पण आबांना सरळ आणून देण्याची सोय नाही. जुनं फाटल्याशिवाय नवं घ्यायचं नाही हा त्यांचा नियम, आणि लेस बांधता येत नाहीत हे तर त्यांच्या मते घडलेलंच नाही. मात्र दुसऱ्याचं अडलेलं काम करायला त्यांनी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. म्हणून मी ठरवलं, की बूट माझे म्हणून आणायचे, ते चावतात अशी बोंब ठोकायची आणि आबा, जरा रुळवून द्या, असं म्हणून त्यांच्या गळ्यात (म्हणजे पायात) घालायचे. इथवर बेत उत्तम होता.

माप घ्यायला दुपारची वेळ निवडली. आबा डुलकी काढत होते. मी पलंगाच्या पायथ्याशी बसून वर्तमानपत्रावर त्यांच्या पावलाची आकृती काढली. लाकडाच्या वखारीत वीस वर्षं ओंडके मोजलेला माणूस मी, पण ओंडक्याला गुदगुल्या होत नाहीत. आबा जागे झाले. काय करतोस, म्हणाले. मी म्हटलं, पेन पडलं. हातातलं पेन दोघांनाही दिसत होतं, पण ते कुशीवर वळले.

दुकानात तुमचे नियम तोंडपाठ म्हणत गेलो. तळवा चिकटवलेला नको, शिवलेला हवा. इलॅस्टिक ताणून सोडलं की झटकन मिटायला हवं. टाच टणक, चवड्यापाशी बूट वाकवला की चामड्याला सुरकुती यावी पण तडा दिसू नये. आणि खरेदी संध्याकाळी, पाय फुगलेले असताना. गेलो संध्याकाळीच. पण बरोबर फुगलेला पाय नव्हता, वर्तमानपत्राचा होता. दुकानदाराने घालून बघा म्हटल्यावर मी खिशातून कागदी पाऊल काढलं आणि बुटात सरकवलं. गिऱ्हाईकाने पाय घरी ठेवून येण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी. पण माणूस सज्जन. बोटभर जागा पुढे ठेवा, एवढंच म्हणाला. बूट आठ नंबरचे निघाले. माझा पाय दहा नंबरचा.

आता बूट माझे म्हटल्यावर मला ते घालून दाखवणं भाग होतं. घातले. कसे घातले ते विचारू नका. दोन दिवस वखारीत फळ्यांमधून मी असा चाललो, की आमच्या सुताराने माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं. घरी आल्यावर बूट निघेनात. तुमच्या सूनबाईने पाठ करून माझा पाय धरला, मी दुसऱ्या पायाने तिला मागून रेटलं (तिच्या परवानगीने), आणि बूट निघाला तेव्हा ती धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात होती आणि नख बुटात होतं. दुसऱ्या दिवशी सुताराने, आमची दया येऊन, टाच अडकवून बूट उपसायची खाचेची फळी आणि मागची पट्टी ओढायला लांब दांड्याचा आकडा करून दिला. वाकायचं कामच नाही. त्यातच एकदा बूट भिजले, ते मी चुलीजवळ वाळत ठेवले आणि वर मऊ राहावेत म्हणून खायचं तेल चोळलं. सकाळी मुंग्यांची रांग लागली होती.

मुंग्या बघितल्या आणि आबांचा संयम सुटला. म्हणाले, "आण इकडे. चामडं आहे ते, पापड नाही." त्यांनी बूट पुसले, आत चुरगळलेला कागद कोंबला, सावलीत दोन दिवस ठेवले, ब्रशने पॉलिश इतकं पातळ लावलं की डबी संपायला दोन पिढ्या लागाव्यात. मग मी चाचरत माझी विनंती केली. त्यांनी आकडा उचलला, पट्टी ओढली आणि उभे राहिले. खणातली सगळी पत्रं घेऊन गेले, ते दीड तासाने आले. घड्याळजीची तब्येत सांगितली, पेटीचा रंग उडाल्याबद्दल तक्रार केली आणि बुटांचा अहवाल दिला: "डावा जरा चावतो. उद्या बघू." मामा, तो उद्या गेला दीड महिना रोज उगवतो आहे. मला फार बरं वाटतं.

बाकी काय लिहू? मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा लंगडा भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. रविवारी आबा म्हणाले, बूट झाले तयार, आता तुझे तू ने. नेतो सवडीने, म्हणून मी वेळ मारून नेली. मी नेले तर ते परत खिडकीशी बसणार. तुमच्या मेहुण्यांच्या मते तुम्हाला जगात फक्त चामड्यातलं कळतं, पण त्यातलं मात्र तुमच्याइतकं कोणालाच नाही. तेव्हा त्यांना वेगळं पत्र टाका, की या जातीचं चामडं रुळायला निदान वर्ष लागतं आणि मध्येच पाय बदलला तर बूट वाया जातात. माझं नाव घेऊ नका.

आणखी एक ता. क. पाकीट पेटीत टाकायला अर्थातच आबांकडेच देतो आहे. काळजी नसावी. दुसऱ्याचं पत्र ते उघडत नाहीत.

मेहुणे, हे अक्षर माझं, ओळखाल. चौतीस वर्षांत दुसऱ्याचं पाकीट उघडलं नव्हतं, हे पहिलं. बुटाच्या तळव्यावर आठाचा आकडा आहे. पोराचा पाय सोळाव्या वर्षापासून दहा नंबरचा, त्याचे बूट मीच आणत होतो. पहिल्या दिवशीच कळलं. मुंग्या लागेपर्यंत गप्प बसलो आणि त्यात त्याचं नख गेलं, ते मनाला लागून राहिलं आहे. बूट परत ने म्हटल्यावर त्याचा चेहरा बघवेना. तेव्हा तो म्हणतो तसं लिहा. वर्ष नको, दोन लिहा. मला ठाऊक आहे हे त्याला कळवू नका. तुमच्या बहिणीने इतकी वर्षं लेस बांधल्या, तिला मी एका शब्दाने काही बोललो नाही. यालाही बोलणं जमायचं नाही, म्हणून बूट घालतो. आता पाकीट नीट चिकटवून पेटीत टाकून येतो. डावा अजून जरा चावतो.