व्याह्यांनी भरून दिलेली काडतुसे जप्त करणेबाबत

प्रति,
मा. श्री. पद्माकर आगटे,
सुरक्षा अधिकारी,
मेरान्ती हिल पिस्तूल क्लब,
वुडलँड्स, सिंगापूर.

विषय : होणाऱ्या व्याह्यांनी प्रेमाने भरून दिलेली काडतुसे येत्या रविवारच्या सामन्याआधी ताब्यात घेणेबाबत.
संदर्भ : गेल्या रविवारी लेन चारवर झालेला ‘फुस्स’ आवाज.

महोदय,

१. अर्जदार आपल्या क्लबची सभासद नाही, सभासद श्री. सुबोध खोपकर यांची पत्नी आहे. अर्ज मराठीत आहे, कारण इंग्रजी तक्रार कमिटीपुढे वाचली जाते आणि कमिटीत श्री. प्रबोध रेगे बसतात. तक्रार त्यांच्याचविरुद्ध आहे. विरुद्ध तरी कसे म्हणावे! त्यांचा सौमित्र डिसेंबरात अर्जदाराचा जावई होणार आहे.

२. प्रबोधराव क्लबच्या खोलीत वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू व गोळी भरून काडतुसे तयार करतात, हे आपणास ज्ञात आहेच. दिवाळीच्या फराळासारखी ती ओळखीपाळखीत वाटतात. बाहेरचे कशाला, घरचे आहे, असा आग्रह. चकलीबाबत अर्जदाराची काहीच हरकत नाही. परंतु हे गृहस्थ भरताना अखंड बोलत असतात. क्रिकेट झाले, मुलाचे प्रमोशन झाले, बुओना व्हिस्टाचा काँडो झाला. त्या भरात दारूचे माप पडले की राहिले, याची शुद्ध कोणाला?

३. गेल्या रविवारी श्री. सुबोध यांनी चाप ओढला आणि बार न होता नुसते फुस्स झाले. सर्व हसले. आपणही हसलात. त्यांनी दुसरे काडतूस पुढे घेतले, तोच शेजारच्या लेनमधले मिस्टर टॅन ‘डोन्ट शूट लह!’ असे इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत धावले. पाहतात तो पहिली गोळी नळीतच अडकलेली. मागून दुसरी सुटती तर पिस्तूल हातात फुटले असते. हे अर्जदारास नवऱ्याने नव्हे, मिस्टर टॅन यांनी सांगितले.

४. त्या काडतुसात दारूच पडली नव्हती, बुडाच्या टोपीच्या ठिणगीनेच गोळी नळीत सरकली, असे निघाले. अर्जदार अकाउंटंट आहे, तिची झोप त्या दिवसापासून उडाली आहे. एकात पडली नाही, ती गेली कुठे? दुसऱ्या एखाद्यात दुप्पट गेली असेल तर? वरून सगळी सारखीच चकचकीत. उरलेला डबा क्लबच्या कुलपात, किल्ली आपणाकडे. नाहीतर अर्जदाराने तो केव्हाच पोलिसांच्या हवाली केला असता. नवऱ्यास हात जोडून झाले, अबोला धरून झाला. त्यांचे एकच पालुपद : व्याही आहेत, नको म्हटले तर वाईट दिसेल. अहो, वाईट दिसायला डोळे तरी जागेवर राहायला नकोत का! मुलगी अवनी म्हणते, जस्ट से नो लह, ममी. तिचे बरे आहे, तिला सोयरिकीतली भीड ठाऊक नाही.

५. तरी विनंती की, सदर डबा कोणत्याही नियमाखाली, नियम नसल्यास आजच तो करून, ताब्यात घ्यावा. अर्जदाराचे नाव कृपया कोठेही येऊ देऊ नये. त्याच बैठकीत भरलेला दुसरा डबा आपल्या नावाचा आहे, हेही नम्रपणे निदर्शनास आणते.

६. हे न झाल्यास अर्जदार शनिवारी स्वतः प्रबोधरावांच्या दारात उभी राहून नाही म्हणेल. लग्न मोडले तर मोडो. ती रडेल, घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, तरी म्हणेल. मुलीला दुसरे स्थळ बघता येईल. कन्यादानाला बापाचा उजवा हात दुसरा आणता येणार नाही.

आपल्या कुलपावर सर्व भिस्त ठेवून असलेली,
सौ. स्मिता सुबोध खोपकर
क्लेमेंटी, दि. १४ सप्टेंबर २००६

सोबत : नळीत अडकलेल्या गोळीचा मिस्टर टॅन यांनी काढलेला फोटो. एक प्रत आपणासाठी. दुसरी आपल्या सौ. सुलेखावहिनींसाठी, ती शनिवारपर्यंत अर्जदाराच्या पर्समध्ये आहे.